तो डबा फेकू नका

प्रश्न: गेल्या शनिवारी आमच्याकडे घरगुती समारंभ होता. २२ माणसं, जेवण केटररचं, दुपारी एकला सगळे एकदमच जेवायला बसलो. रात्री दहाला पहिल्याचं पोट दुखायला लागलं आणि पहाटे तीनपर्यंत ९ जण आजारी पडले. पोटात जोराच्या कळा, पाण्यासारखे जुलाब. ताप कुणालाच नाही, उलटीही एक-दोघांनाच. बाकीचे रविवारी रात्रीपर्यंत सावरले, पण आईला (वय ७१) दोन दिवस रुग्णालयात ठेवून सलाइन लावावं लागलं. सगळ्यांचा संशय दुधाच्या गोड पदार्थावर आहे, कारण तो जरा आंबूस लागत होता. वाढायला आलेल्या एका मुलाच्या बोलण्यात आलं की चिकन आदल्या रात्रीच शिजवून ठेवलं होतं. केटरर म्हणतो, ‘माझ्या जेवणानं झालं असतं तर सगळेच आजारी पडले असते.’ तरी तो जेवणाचे पैसे परत द्यायला तयार आहे, पण ‘यापुढे आमची काहीही तक्रार नाही’ असं लिहून मागतो आहे. सही करावी का? उरलेलं थोडं चिकन अजून फ्रीजमध्ये आहे, तेही टाकून द्यायचं राहिलंय. आज पाचवा दिवस आहे.

उत्तर: दोन गोष्टी आधी, कारण त्यांत उशीर चालणार नाही. फ्रीजमधला तो डबा फेकू नका, आणि केटररनं पुढे केलेल्या कागदावर आज सही करू नका. अन्नाचा नमुना म्हणून तुमच्या हातात एवढा डबाच उरला आहे, आणि सही झाली की तो असून नसल्यासारखा.

पण त्याही आधी आई. सत्तरीपुढच्या माणसाचे जुलाब थांबले म्हणजे आजारपण संपलं असं धरू नका. आणखी तीन-चार दिवस त्यांना लघवी किती वेळा होते आणि तिचा रंग कसा आहे, याकडे लक्ष ठेवा. सात-आठ तास लघवीच न होणं, ती गडद पिवळी होणं, अंथरुणातून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येणं, बोलण्यात गोंधळ होणं, यातलं काही दिसलं तर शरीरातलं पाणी अजून भरून आलेलं नाही, पुन्हा डॉक्टरांकडे न्या. रक्तदाबाच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या या दिवसांत घ्यायच्या की थोड्या थांबवायच्या, हे डॉक्टरांना मुद्दाम विचारा. पाणी कमी झालेल्या शरीरात या गोळ्यांचा ताण मूत्रपिंडांवर येतो, आणि घरचे विचारत नाहीत तोवर हा विषय बऱ्याचदा निघतच नाही.

ओआरएसचं पाकीट पाकिटावर लिहिलेल्या पाण्यातच, बहुतेक वेळा १ लिटरमध्ये, पूर्ण रिकामं करायचं. पेलाभर पाण्यात अख्खं पाकीट घातलं तर मीठ प्रमाणाबाहेर जातं, आणि अंदाजानं जास्त पाणी घातलं तर गेलेले क्षार भरून निघत नाहीत. पाकीट नसेल तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ५ मिलीच्या चमच्यानं ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. सपाट म्हणजे सुरीच्या पाठीनं वरचा ढीग काढून टाकलेला चमचा. हे पाणी २४ तासांनी ओतून द्यायचं आणि नवं करायचं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबायचं आणि मग चमच्याचमच्यानं पुन्हा सुरू करायचं. गटागटा प्यायलं की ते परत बाहेर येतं.

ज्या कुणाला शौचातून रक्त पडतं, ३८.९ सेल्सिअसच्या वर ताप चढतो, तीन दिवस झाले तरी जुलाब थांबत नाहीत किंवा घोटभर पाणीही पोटात टिकत नाही, त्यानं घरी बसू नये. गरोदर बाईला बाहेरचं काही खाल्ल्यावर नुसता ताप आला तरी दाखवायला हवं. एकाच्या जागी दोन दिसणं, पापण्या जड होऊन खाली येणं, जीभ अडखळणं, गिळता न येणं ही बोट्युलिझमची (अन्नातल्या जंतूच्या विषानं स्नायू लुळे पडणाऱ्या आजाराची) लक्षणं असू शकतात. तिथे सकाळची वाट बघायची नाही, त्याच घटकेला रुग्णालय गाठायचं. रक्त किंवा मोठा ताप असेल तर जुलाब बंद करणाऱ्या गोळ्या आपल्या मनानं देऊ नका. ई-कोलाय ओ-१५७ या आतड्यांच्या घातक जंतूसारख्या संसर्गात त्या धोक्याच्या ठरतात, आणि उरलेल्या पट्टीतली अँटिबायोटिक देणं तर आणखी वाईट.

आता मूळ प्रश्नाकडे: कशानं झालं? अशा वेळी लोकांची बोटं नेहमी दोन गोष्टींकडे जातात. जे शेवटी खाल्लं त्याकडे, आणि ज्याची चव खटकली त्याकडे. दोन्ही अंदाज बहुतेक वेळा चुकतात. आंबूसपणा आणणारे जंतू वेगळे आणि माणसाला आजारी पाडणारे वेगळे. आजारी पाडणारे जंतू लाखोंनी असले तरी अन्नाचा वास, रंग, चव यांत काडीचाही फरक पडत नाही, म्हणून तर माणसं ते आवडीनं दुसऱ्यांदा वाढून घेतात.

खरं सांगतं ते घड्याळ. प्रत्येक जंतूचा पोटात शिरल्यापासून लक्षण दिसेपर्यंतचा आपापला काळ असतो. माशातलं हिस्टामिन मिनिटांत ते तासाभरात चेहरा लाल करतं, डोकं ठणकवतं. स्टॅफिलोकॉकसचं विष अन्नातच तयार झालेलं असतं, त्यामुळे ते अर्ध्या तासापासून आठ तासांच्या आत गाठतं, आणि त्यात मुख्य त्रास उलटीचा. फार वेळ बाहेर राहिलेल्या भातातलं बॅसिलस सिरियसचं उलटीचं विषही तसंच, अर्धा ते सहा तास. नोरोव्हायरसला १२ ते ४८ तास लागतात आणि तो उलट्यांनी हैराण करतो. साल्मोनेला सहा तासांपासून सहा दिवसांपर्यंत कधीही उठतो आणि बहुधा ताप घेऊन येतो. कॅम्पायलोबॅक्टरला २ ते ५ दिवस, ई-कोलाय ओ-१५७ ला साधारण ३ ते ४ दिवस. हिपॅटायटिस ए तर सरासरी २८ दिवसांनी कावीळ दाखवतो. तोवर कुठे काय खाल्लं होतं हे कुणाच्या लक्षातही नसतं.

तुमचं गणित मांडून बघा. जेवण एकला, पहिली कळ दहाला, शेवटचा माणूस पहाटे तीनला. म्हणजे नऊ ते चौदा तास. ताप नाही, उलटी जवळजवळ नाही, कळा आणि पाण्यासारखे जुलाब, आणि चोवीस तासांत बहुतेक जण उभे. दुधाच्या पदार्थातलं स्टॅफिलोकॉकसचं विष असतं तर रात्री नऊच्या आतच माणसं ओकायला लागली असती. तुमचं चित्र दिसतं ते क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स या जंतूचं. त्याचा काळ ६ ते २४ तासांचा, आणि मोठ्या भांड्यात शिजवून हळूहळू निवलेलं मांस आणि रस्सा ही त्याची हक्काची जागा. बॅसिलस सिरियसचा जुलाबाचा प्रकारही याच वेळात (६ ते १५ तास) बसतो आणि बाहेरून ओळखू येत नाही, तो फरक प्रयोगशाळाच करेल. पण चूक दोन्हींत एकच असते: शिजवलेलं अन्न कोमट अवस्थेत फार वेळ राहिलं.

त्या पातेल्यात रात्री काय झालं असेल ते बघा. या जंतूचे बीजाणू, म्हणजे कडक कवचातलं त्याचं झोपलेलं रूप, उकळीतही मरत नाहीत. उकळीनं उलट त्यांची सोय होते, कारण रश्शातला प्राणवायू निघून जातो आणि या जंतूला प्राणवायू नकोच असतो. गॅस बंद झाला, वर झाकण बसलं. वीस लिटरचा दाट रस्सा कडेनं निवतो, पण मधला भाग कित्येक तास ऊबदार राहतो. ४३ ते ४७ अंशांच्या आसपास हा जंतू सर्वांत जोमानं वाढतो, अनुकूल अन्नात दर दहा मिनिटांनी दुप्पट. एकाचे तासाभरात ६४, दोन तासांत ४,०९६, तीन तासांत अडीच लाखांवर. आणि इतकं होऊनही सकाळी झाकण काढल्यावर वास अगदी नेहमीसारखाच येतो.

हे टाळायची रीत व्यावसायिक स्वयंपाकघरात कुणाला माहीत नसते असं नाही. शिजलेलं अन्न ५७ अंशांवरून २१ अंशांपर्यंत दोन तासांच्या आत आणि पुढच्या चार तासांत ५ अंशांपर्यंत खाली यायला हवं. पातेलं तसंच्या तसं फ्रीजमध्ये ढकलून ते होत नाही. रस्सा उथळ परातींत, फार तर ५ सेंटिमीटर उंचीपर्यंत पसरावा लागतो, किंवा भांडं बर्फाच्या पाण्यात ठेवून ढवळत राहावं लागतं. दुसऱ्या दिवशी अन्नाचा मध्य ७४ अंशांपर्यंत तापवायचा, तोही थर्मामीटर घालून. कडेनं बुडबुडे आले म्हणजे मधलं गरम झालं असं नव्हे. त्यानंतर वाढून होईपर्यंत ६० अंशांच्या वर ठेवायचं.

यातली एक बाब तुमच्या तक्रारीच्या दृष्टीनं मोलाची आहे. स्टॅफिलोकॉकसचं विष पुन्हा उकळलं तरी जात नाही. परफ्रिंजन्सचं तसं नसतं. त्याचे जिवंत जंतू मोठ्या संख्येनं पोटात जातात आणि त्यांचं विष आतड्यात तयार होतं. म्हणजे सकाळी ते चिकन आतपर्यंत ७४ अंशांना गेलं असतं तर वाढलेले जंतू मेले असते आणि तुमचे ९ जण बहुधा आजारी पडले नसते. हाच जंतू निघाला तर चूक एका ठिकाणची राहत नाही. रात्री नीट गार केलं नाही आणि सकाळी नीट तापवलं नाही, किंवा तापवून नंतर तासन्‌तास कोमट ठेवलं.

‘सगळेच आजारी पडले असते’ हे केटररचं म्हणणं तुम्हाला निरुत्तर करायला पुरलं असेल, पण त्यात तथ्य नाही. एकाच भांड्यात जंतू सारखे पसरलेले नसतात. वरचा डाव घेणाऱ्याला आणि मधला डाव घेणाऱ्याला सारखा हिस्सा मिळत नाही. कुणी दोन घास खातं, कुणी दोन वाट्या. आणि ज्यांनी तो पदार्थ खाल्लाच नाही ते आजारी का पडतील? त्यांचं ठणठणीत असणं हाच तर तुमच्या बाजूचा भक्कम पुरावा होऊ शकतो.

तो पुरावा कसा उभा करायचा? साथ आली की तपासणीस करतात तेच करा. आजारी आणि निरोगी अशा २२ च्या २२ जणांना वेगवेगळं विचारा. कुटुंबाच्या ग्रुपवर विचारू नका, तिथे पहिल्यानं ‘गोड पदार्थ’ म्हटलं की पुढचे दहा जण तेच म्हणतील. प्रत्येकाला पदार्थांची पूर्ण यादी वाचून दाखवा आणि हो किंवा नाही एवढंच लिहा, पाणी आणि बर्फसुद्धा धरून. लक्षण सुरू झाल्याची वेळ लिहा. आधीच्या तीन दिवसांत त्यांनी आणखी कुठे काय खाल्लं तेही लिहा, ते गैरसोयीचं वाटलं तरी. मग प्रत्येक पदार्थासाठी दोन टक्केवाऱ्या काढा: खाणाऱ्यांत किती आजारी, न खाणाऱ्यांत किती.

समजा, चिकन ११ जणांनी खाल्लं, त्यांतले ८ आजारी, म्हणजे ७३ टक्के. न खाणाऱ्या ११ जणांत १ आजारी, ९ टक्के. गोड पदार्थ १८ जणांनी खाल्ला, त्यांतले ७ आजारी, ३९ टक्के. न खाणाऱ्या चौघांत २ आजारी, ५० टक्के. असं निघालं तर गोड पदार्थ निर्दोष सुटतो आणि चिकन अडकतं. आजारी माणसांपैकी बहुतेकांनी गोड खाल्लं होतं हे खरंच असेल, पण ते निरोगी माणसांनीही खाल्लं होतं. म्हणूनच निरोग्यांना विचारल्याशिवाय काहीही ठरत नाही. आणि चिकन न खाता आजारी पडलेला तो एक जण यादीतून गाळू नका. त्याला भाजीत तोच डाव घालून वाढलं असेल, किंवा त्याचं कारण निराळं असेल. तो गाळला आणि नंतर समोरच्यानं दाखवून दिला, तर अख्ख्या यादीवरचा विश्वास जाईल.

घाईनं बोट दाखवल्यानं काय होतं, याचं एक उदाहरण सगळ्या युरोपानं पाहिलं आहे. २०११ च्या मे महिन्यात जर्मनीत ई-कोलाय ओ-१०४ ची मोठी साथ आली आणि अधिकाऱ्यांनी स्पेनहून आलेल्या काकड्यांना दोषी ठरवलं. शेतकऱ्यांचा माल सडला. जूनमध्ये कळलं की कारण मोड आलेल्या बियांमध्ये होतं, आणि माग इजिप्तहून आलेल्या मेथीच्या बियांपर्यंत गेला. त्या साथीत एकूण पन्नासहून अधिक माणसं दगावली. तिथे सरकारी प्रयोगशाळा होत्या तरी हे झालं. तुमच्याकडे डबा, यादी आणि कागद आहेत. ते तरी चोख असायला हवेत.

डबा उघडू नका, चाखू नका, दुसऱ्या भांड्यात काढू नका. आहे तसा स्वच्छ पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, तोंड चिकटपट्टीनं बंद. वर चिठ्ठी: कोणता पदार्थ, कोणत्या तारखेचा, फ्रीजमध्ये कोणी आणि किती वाजता ठेवला. फोटो काढा. फ्रीज ५ अंशांच्या खाली हवा, आणि डबा सर्वांत खालच्या कप्प्यात, घरातल्या इतर अन्नापासून लांब. फ्रीजरमध्ये हलवू नका. हा जंतू गोठवल्यावर मोठ्या प्रमाणात मरतो आणि मग तपासणीत दोषी नमुनाही निर्दोष निघू शकतो. (मुळातच गोठवून ठेवलेलं काही असेल तर मात्र ते गोठलेलंच ठेवायचं.) डबा अन्नसुरक्षा अधिकाऱ्याच्या हाती द्या, पोच घ्या, आणि त्यावर वेळ लिहून घ्या. मधे तो कुणाकुणाच्या हातातून गेला हे सांगता आलं नाही तर नमुन्याची किंमत उतरते.

एक उणी बाजूही आत्ताच जाणून घ्या. ते चिकन दुपारी उरल्यावर लगेच फ्रीजमध्ये गेलं, की संध्याकाळपर्यंत ओट्यावर होतं? ओट्यावर असेल तर केटरर म्हणेल, जंतू तुमच्या घरी वाढले, आणि त्याला ते म्हणायला जागा आहे. ग्रॅममागे एक लाख किंवा त्याहून जास्त जंतू निघाले तर नमुना दोषी धरतात, पण ते कुठे वाढले हे आकडा सांगत नाही. काय झालं असेल ते खरं लिहा. डबा तरीही द्या.

शौचाच्या नमुन्याला आता उशीर झाला आहे. तो पहिल्या ४८ तासांत घेतलेला बरा. तरी रुग्णालयात चौकशी करा. आई दाखल असताना नमुना घेतला होता का, उरला आहे का, आणि त्यात नेमकं काय तपासलं. नेहमीचं स्टूल कल्चर (शौचाच्या नमुन्यातले जंतू वाढवून बघायची तपासणी) परफ्रिंजन्स शोधतच नाही, त्यासाठी वेगळं सांगावं लागतं. ‘कल्चर निगेटिव्ह’ असा शेरा बघून धीर सोडू नका. निदान पक्कं व्हायला किमान दोन रुग्णांच्या नमुन्यांत ग्रॅममागे दहा लाख बीजाणू किंवा त्या जंतूचं विष सापडावं लागतं. पुढे कधी कुणावर वेळ आली तर: स्वच्छ, कोरडी, रुंद तोंडाची बाटली, लघवी न मिसळलेला नमुना, अँटिबायोटिक सुरू होण्याआधी, आणि दोन तासांत प्रयोगशाळेत.

कागदपत्रांत केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, औषधांची आणि तपासण्यांची बिलं येतातच. केसपेपरवर लक्षण सुरू झाल्याची वेळ आणि ‘अन्नविषबाधेचा संशय’ हे शब्द आहेत का पाहा. नसतील तर डॉक्टरांना लिहून द्यायची विनंती करा. केटररशी झालेले मेसेज, ठरलेला मेनू, पैसे दिल्याची नोंद, त्याचा परवाना क्रमांक कुठे छापलेला असेल तर तो, हे सगळं एका फाइलमध्ये. समारंभाचे फोटो पुन्हा नीट बघा. मागे कुठेतरी चिकनचं भांडं दिसत असेल. त्याखाली बर्नर पेटलेला होता की भांडं नुसतंच टेबलावर होतं, हे त्या फोटोत सापडू शकतं. तो वाढपी मुलगा काय म्हणाला, कधी म्हणाला, कोणी ऐकलं, हे आजच लिहून काढा. त्याचं नाव मात्र जाहीरपणे कुठे टाकू नका, त्याच्या पोटावर पाय येईल. चौकशी अधिकारी त्याला स्वतंत्रपणे विचारू शकतात.

जबाबदारी सिद्ध करायची म्हणजे तीन दुवे जोडायचे: अन्न सदोष होतं, त्याच दोषामुळे तुमची माणसं आजारी पडली, आणि त्यातून अमुक इतकं नुकसान झालं. पहिला आणि तिसरा दुवा तुलनेनं सोपा. बहुतेक दावे मधल्या दुव्यावर मोडतात, कारण आजारी माणूस एकटा असतो आणि त्यानं तीन दिवसांत पाच ठिकाणी खाल्लेलं असतं. तुमचे ९ जण एकच जेवण जेवले, एकाच वेळात आजारी पडले आणि लक्षणं एकसारखी आहेत. ही तुमची मोठी जमेची बाजू आहे.

पुढे दोन वेगळे रस्ते आहेत आणि एकानं दुसरा बंद होत नाही. पहिला अन्नसुरक्षा विभागाकडे किंवा स्थानिक आरोग्य विभागाकडे. इथून तुम्हाला पैसे मिळणार नाहीत, पण तरी सुरुवात इथूनच करा. त्या अधिकाऱ्याला स्वयंपाकघरात शिरता येतं, तापमानाच्या नोंदी मागता येतात, नमुने घेता येतात, आणि त्या रात्रीचं चिकन आणखी कुठे गेलं हे विचारता येतं. दुसऱ्या ठिकाणीही माणसं आजारी पडली असतील तर तुमचा मधला दुवा जवळजवळ आपोआप जुळतो. उद्याच जा. रोज भांडी घासली जातात, नोंदी हरवतात, कामगार बदलतात.

दुसरा रस्ता भरपाईचा: आधी लेखी मागणी, मग ग्राहक न्यायालय किंवा दिवाणी दावा. कायदा देशागणिक बदलतो. काही ठिकाणी अन्न सदोष होतं एवढं दाखवणं पुरतं, काही ठिकाणी निष्काळजीपणाही दाखवावा लागतो. दाव्याला मुदत सगळीकडे असते, ती आत्ताच विचारून ठेवा. मागणीत रुग्णालयाचा आणि औषधांचा खर्च, बुडालेली मजुरी किंवा पगार, येण्याजाण्याचा खर्च, आईंजवळ थांबलेल्या माणसाचे बुडालेले दिवस, आणि सोसलेला त्रास हे सगळं येतं. जेवणाचे पैसे हा त्यातला सर्वांत लहान आकडा. साध्या दाव्यासाठी वकील हवाच असं नाही. पण मूत्रपिंड निकामी होणं, गर्भ जाणं, कायमचं अपंगत्व, मृत्यू असं काही घडलं असेल तर वकिलाशिवाय एकही कागद पाठवू नये. आणि माहीत असूनही दूषित माल विकला तर प्रकरण फौजदारी होतं. अमेरिकेत पीनट कॉर्पोरेशन या कंपनीचा प्रमुख स्टुअर्ट पार्नेल याला साल्मोनेला असलेला शेंगदाण्याचा माल विकल्याबद्दल २०१५ मध्ये २८ वर्षांची शिक्षा झाली. तुमच्या केटररबाबत तसं म्हणायला आज काहीच आधार नाही, आणि आधाराशिवाय ते कुठे लिहूही नका. समाजमाध्यमांवर लिहायचंच असेल तर तारीख, किती जण जेवले, किती आजारी पडले, तक्रार दिली आहे, इतकंच. ‘विष घातलं’ असा एक शब्द गेला तर बदनामीची नोटीस तुमच्याच दारी येईल.

जबाबदार नेहमी केटररच असतो असंही नाही. चिकन बाहेरून शिजवून आणलं असेल तर तो पुरवठादार, आणि भांडी गरम ठेवायचं काम सभागृहाच्या लोकांकडे असेल तर तेही. म्हणून तक्रारीत ‘केटरर आणि संबंधित इतर’ असे शब्द घाला. पाकीटबंद पदार्थाचा संशय असता तर वेष्टन, बॅच क्रमांक आणि तारीख जपायला सांगितलं असतं, कारण तिथे धागा थेट कारखान्यापर्यंत जातो.

आता सहीचं. ‘यापुढे काहीही तक्रार नाही’ या चार शब्दांत आईंच्या रुग्णालयाचं बिल, उरलेल्या आठ जणांचा हक्क (जो तुम्ही त्यांच्या वतीनं सोडूही शकत नाही) आणि अधिकाऱ्यांकडची तक्रार हे सगळं गुंडाळलेलं आहे. शिवाय जंतू अजून ठरलेला नाही. परफ्रिंजन्स सहसा मागे काही ठेवत नाही, पण निदान चुकलेलं असू शकतं. ई-कोलाय ओ-१५७ मूत्रपिंडावर जातो तो जुलाब सुरू झाल्यावर साधारण आठवड्यानं, आणि कॅम्पायलोबॅक्टरनंतर हातापायांतली ताकद जाणारा गियाँ-बारे आजार एक ते तीन आठवड्यांनी दिसू शकतो. त्याच्या आत अंतिम तडजोड करणं म्हणजे किती नुकसान झालं हे कळायच्या आधीच हिशेब मिटवणं. पैसे घ्यायचेच असतील तर पावतीवर स्वतः लिहा: ‘ही रक्कम फक्त जेवणाच्या किमतीचा परतावा म्हणून स्वीकारली आहे. वैद्यकीय खर्च, भरपाई आणि तक्रारीचे सर्व हक्क राखून ठेवले आहेत.’ यावर केटरर तयार नसेल तर पैसे राहू द्या. अधिकाऱ्यांकडे तक्रार करणार नाही असं तर कधीच लिहून देऊ नका. त्याच स्वयंपाकघरातलं जेवण येत्या शनिवारी दुसऱ्या कुणाच्या आईच्या ताटात जाणार आहे.

तक्रार एका पानाच्या आत ठेवा. राग गाळून, क्रमानं. अशी:

‘दिनांक अमुक रोजी दुपारी १ वाजता (ठिकाण) येथे (केटररचं नाव आणि पत्ता) यांनी पुरवलेलं जेवण २२ जणांनी घेतलं. त्याच रात्री १० ते पहाटे ३ या वेळात ९ जणांना पोटात कळा आणि जुलाब सुरू झाले. ७१ वर्षांच्या एका महिलेला दोन दिवस रुग्णालयात दाखल करावं लागलं. चिकन आदल्या रात्री शिजवल्याचं वाढणाऱ्या कर्मचाऱ्यानं सांगितल्याचं आमच्यापैकी (संख्या) जणांनी ऐकलं. उरलेल्या चिकनचा नमुना (दिनांक, वेळ) पासून फ्रीजमध्ये ठेवला आहे, तो ताब्यात घ्यावा आणि क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स व बॅसिलस सिरियस या जंतूंसाठी तपासावा. केटररच्या गार करण्याच्या, तापवण्याच्या आणि गरम ठेवण्याच्या नोंदी तपासाव्यात, तसंच त्याच दिवशीच्या इतर ग्राहकांची चौकशी करावी. सोबत: कोणी काय खाल्लं याची यादी, वैद्यकीय कागद, मेसेज, फोटो.’

दोन प्रती काढा. एकीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेऊनच परत या. पंधरा दिवसांत काही कळलं नाही तर त्याच क्रमांकाचा हवाला देऊन वरिष्ठांना लिहा. त्या यादीसाठी निरोगी असलेल्या १३ जणांना आज रात्रीच फोन लावा. आठवड्यानंतर कुणाला काय खाल्लं ते धड आठवत नाही.